वजनाचं खातं

लिन्शोपिंगच्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
रेडिएटरला खेटून माझं टेबल होतं.
विमान कुणी काढायचं, कुणी उडवायचं, कुणी विकायचं.
मी त्याचं वजन लिहायची.
एकोणीस वर्षं.

स्क्रू, वायरी, रंगाचा थर, रंगाखालचा थर,
काचेवरचा सोन्याचा वर्ख, तोही, गुंजभर.
प्रत्येकापुढे ग्रॅम
आणि ग्रॅमांपुढे मागणाऱ्याचं नाव.

रडारवाला स्टेलान यायचा दोन्ही हात पसरून:
नाक एवढं हवं, गुनवोर.
किलो कधी एकटा येत नाही, मी म्हणायची,
बायकापोरांसकट येतो आणि मुक्काम ठोकतो.
त्याला पेलायला पंख, पंखाला पेलायला कणा,
कण्याला ढकलायला इंधन,
आणि इंधनाला काय वजन नसतं?
तो पाय आपटत जायचा,
आठवड्याने दोन बोटं कमी करून यायचा.
ती दोन बोटं म्हणजे समुद्रावरचे अकरा किलोमीटर,
जे आम्हाला आता दिसणार नव्हते.
तेही मी लिहिलं. पेन्सिलीनं, समासात.

इंजिन एक की दोन?
दोन असली, तर एक मेलं तरी वैमानिक घरी.
एकच ठेवलं, तर शंभराच्या पैशात दीडशे विमानं.
त्या दीडशेत ते मेलेलं इंजिन कुठे धरायचं
यावर मंगळवारी दोन तास बोलणं झालं.
कॉफीबरोबर वेलचीचे पाव होते.

आणि ते सरळ उडू नये अशाच बेताने आखलं होतं.
सरळ उडायला राजी असलेलं विमान वळताना कुरकुरतं.
आमचं प्रत्येक क्षणी पडायला निघायचं,
संगणक बखोट धरून मागे ओढायचा,
पुन्हा, पुन्हा, पुन्हा.
बघणाऱ्यांना वाटायचं, किती शांत चाललंय.

मग निल्स-आन्ते.
योकमोक्कचा, अठरा वर्षांचा, सक्तीच्या भरतीतला.
उणे एकतीस. जंगलातला रस्ता, तीच धावपट्टी.
दहा मिनिटांत टाक्या भरून विमान परत वर.
त्याने काहीच मागितलं नाही.
जाड हातमोज्यांनी झाकणाची खिट्टी चाचपत राहिला,
मग दातांनी हातमोजा ओढला
आणि उघड्या बोटांनी ती धरली.
खिट्टी उघडली.
तिच्यावर त्याची कातडी राहिली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी.
सॉरी, म्हणाला तो. मला नाही,
विमानाला.

खिट्ट्या मीच बारीक करवल्या होत्या.
सगळ्या मिळून दोनशे दहा ग्रॅम वाचवले होते.
टाळ्या पडल्या होत्या.

दोनशे दहा ग्रॅम परत खात्यावर घेतले:
हातमोज्यासकट चार बोटं मावतील अशी खिट्टी.
मागणाऱ्याचं नाव, निल्स-आन्ते.
माझ्या नाकाला नाही आणि याच्या बोटांना? स्टेलान म्हणाला.
त्याचं चुकत नव्हतं.
मी पान उलटलं.

एकच ओळ कधी पुरी झाली नाही.
पंखाखाली जे टांगायचं ते सगळं
माझ्याकडे एका शब्दात यायचं: भार.
पुढे किलो, अचूक.
मागणाऱ्याच्या नावाचा रकाना कोरा.
विचारलं, तर वरून उत्तर आलं,
तो ग्राहक भरेल.

आता मी घरी असते. रोक्सेन तळ्यावरून ते जातं
तेव्हा बशा पुसता पुसता आवाजावरून ओळखते:
टाक्या भरलेल्या आहेत, चढताना कण्हतंय.
तासाभराने परततं ते हलकं होऊन.
इथे ते हलकं होतं
ते इंधनानंच.
इथे, अजून तरी.
ज्यांना विकलं, त्यांच्या तळ्यावरचा आवाज
मला ऐकू येत नाही.